भूतानने आपल्याकडून रात्रीला 1200 रुपये घ्यावेत की नाही?

देवदार

ओळखीच्या एका कुटुंबाने यंदाचा भूतानचा बेत रद्द केला. चौघं मोठी माणसं, सहा रात्री, माणशी रात्रीला 1200 रुपये शाश्वत विकास शुल्क. हॉटेल, गाडी, जेवण सोडून 28,800 रुपये नुसते सरकारजमा होणार होते. त्यांचा वैताग मला समजतो. तरी माझं मत ठाम आहे: हे शुल्क योग्य आहे आणि आपण ते खळखळ न करता भरावं.

आधी त्या भूमीकडे बघा. देश साधारण 38 हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे पुणे, अहिल्यानगर आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे एकत्र केले तर त्याहून थोडा लहानच. दक्षिणेला आसामच्या हद्दीवर जमीन समुद्रसपाटीपासून शे-दोनशे मीटर, उत्तरेला तिबेटच्या हद्दीवर गांगखर पुएनसुम शिखर 7,570 मीटर, आणि हा सगळा चढ 170 किलोमीटरच्या आत. थिंफूहून पुनाखाला निघालात की हे अंगावर येतं. 2,300 मीटरवरून सुरुवात, तासाभरात 3,100 मीटरच्या दोचुला खिंडीत धुकं आणि सूचिपर्णी झाडं, आणि तिथून उतरायला लागलात की जेवणाच्या वेळेपर्यंत 1,200 मीटरवर भातखाचरं आणि केळीची झाडं. एका सकाळीत तीन ऋतू. अशा उतारांवर सपाट जागा म्हणजे नदीकाठच्या चिंचोळ्या पट्ट्या. शेती तिथेच, गाव तिथेच, झोंग (किल्लेवजा मठ) तिथेच, आणि आता हॉटेलंही तिथेच हवीत.

2019 मध्ये तिथे सुमारे 3 लाख 15 हजार पर्यटक गेले. त्यात दोन लाखांहून जास्त भारतीय होते. देशाची लोकसंख्या आठ लाखांच्याही आत आहे, आणि हे बहुतेक सगळे पर्यटक पारो, थिंफू, पुनाखा या तीन खोऱ्यांतच फिरले. त्याच वर्षी दोचुलाच्या एका स्तूपावर शिडी लावून चढलेल्या भारतीय दुचाकीस्वाराचा फोटो गाजला. तिथले 108 स्तूप डिसेंबर 2003 च्या लष्करी मोहिमेत पडलेल्या भूतानी सैनिकांच्या स्मरणार्थ उभारलेले आहेत. दक्षिण भूतानच्या जंगलात ईशान्य भारतातल्या अतिरेक्यांचे तळ होते, ते उखडताना ही माणसं गेली. म्हणजे ती आपल्यासाठीही गेली. तो फोटो पाहून मला आजही लाज वाटते.

भूतानच्या संविधानात लिहिलंय की देशाची किमान 60 टक्के भूमी कायम जंगलाखाली राहील. हे वचन पाळायचं तर किती माणसं आत घ्यायची हे ठरवण्याचा हक्क त्यांना असायलाच हवा. तुम्हाला काय वाटतं?

कोकणकडा

पूर्ण असहमत. हक्क आहे हे मान्य, पण हक्क वापरण्याची ही रीत मला पटत नाही.

पहिली गोष्ट, माणशी शुल्काने गर्दी कमी होते ती कोणाची? शाळामास्तर, बँकेतला कारकून, निवृत्त आईवडिलांना घेऊन निघालेली मुलगी, यांची. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला 1200 काय नि 12,000 काय. स्तूपावर चढणारा माणूस गरीब होता म्हणून चढला नव्हता. शिस्त हवी तर नियम करा, दंड करा, खिंडीत पहारा ठेवा. पैसे भरले म्हणजे माणूस सभ्य होतो असं कुठे आहे?

दुसरी, शेजारधर्म. 1961 मध्ये सीमा सडक संघटनेचा 'दंतक' प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्या देशात मोटार जाईल असा रस्ता नव्हता. त्यांच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेचा खर्च भारताने उचलला. चुखाचा 336 मेगावॅटचा वीजप्रकल्प आपल्या पैशातून उभा राहिला. त्यांचं चलनही रुपयाला बांधलेलं आहे. एवढ्या जवळच्या नात्यात दारातच पावती फाडायची?

दगडखाण

माझी सगळी नोकरी डोंगरी रस्त्यांच्या कामात गेली, त्यातली काही वर्षं त्या बाजूला. कोकणकडा, तुमची माहिती बरोबर आहे, पण तिच्यावरून उपकाराचा हिशेब मांडू नका.

1958 मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले ते नाथू ला आणि चुंबी खोऱ्यातून, म्हणजे तिबेटच्या हद्दीतून, घोड्यावर आणि याकवर बसून. भारतातून थेट जायला गाडीरस्ताच नव्हता. पुढच्या वर्षी तिबेटमधला उठाव चीनने चिरडला, त्यानंतर सीमेवरच्या फुंत्शोलिंगहून वर जाणारा रस्ता जेवढा भूतानला हवा होता, तेवढाच आपल्यालाही हवा होता. विजेचंही तेच. चुखा, मग 1,020 मेगावॅटचा ताला, मग मांगदेछू, यांची जादा वीज आपणच विकत घेतो. हा दोघांच्याही फायद्याचा व्यवहार आहे.

आता शुल्काबद्दल. तो डोंगर ठिसूळ आहे. पावसाळ्यात फुंत्शोलिंग-थिंफू रस्त्यावर दरड येते, डोझर लावून एक पट्टा मोकळा करायचा, दोन दिवसांनी पुन्हा तिथेच दरड. रस्ता रुंद करायला पायथा कापला की वरचा उतार सुटतो. गाड्या वाढल्या की रुंदीकरणाची मागणी येते, ती आली की डोंगर कापावा लागतो. त्या उतारांवर काम केलेल्या कोणालाही विचारा, गाड्या कमी असलेल्या बऱ्या असंच तो म्हणेल. माझा शुल्काला पाठिंबा.

पायवाट

नेपाळशी तुलना केल्याशिवाय ही चर्चा अर्धवट राहील.

नेपाळमध्ये कोविडआधी वर्षाला जवळपास बारा लाख परदेशी पर्यटक येत होते. एव्हरेस्टच्या वाटेवरच्या कचऱ्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, त्याची बाजू घेणार नाही. पण पैसा कुठे जातो ते बघा. अन्नपूर्णा किंवा खुंबूच्या वाटेवर तुम्ही डाळभात खाता तो गावातल्याच कुणाच्या तरी घरगुती लॉजमध्ये. बाई चुलीपाशी, नवरा भारवाहक, मुलगा वाटाड्या. तुमचे पैसे त्या घरात पडतात. भूतानमध्ये परदेशी माणसासाठी वर्षानुवर्षं ठरावीक दराचं पॅकेज घेणं सक्तीचं होतं. पैसे जायचे सरकारला आणि राजधानीतल्या टूर कंपन्यांना. डोंगरातल्या शेतकऱ्यापर्यंत किती पोचले असतील?

आणि तरुण पिढी काय करतेय? शिकलेली मुलं मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला चाललीत. शिक्षक गेले, परिचारिका गेल्या, सरकारी नोकर राजीनामे देऊन गेले. पर्यटन हा डोंगरी देशातला रोजगाराचा मोठा मार्ग. तो आवळायचा आणि मग मुलं जातात म्हणून हळहळायचं, हे मला पटत नाही.

सई_पु

पायवाट, शेतकऱ्याचा मुद्दा काढलात म्हणून फोबजिखाबद्दल लिहिते. तिथे जाऊन राहिले आहे.

सुमारे तीन हजार मीटरवरचं रुंद, पाणथळ खोरं. हिवाळ्याच्या तोंडावर तिबेटहून काळ्या मानेचे क्रौंच तिथे उतरतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहतात. गावकरी सांगतात, पक्षी आल्यावर आणि जाताना गांगते गोम्पाला (मठाला) तीन प्रदक्षिणा घालतात. खोऱ्यातलं नगदी पीक बटाटा. पाणथळ जागेत चर खणून पाणी काढलं तर बटाट्याचं रान वाढेल हे प्रत्येक शेतकऱ्याला दिसतं. तरी ती दलदल राखलेली आहे. खोऱ्यात वीज आणायची वेळ आली तेव्हा उडणारे पक्षी तारांना अडकतील म्हणून तारा जमिनीखालून नेल्या. म्हणून तिथे नजर टाकली की खोऱ्याच्या मध्यात एकही खांब आडवा येत नाही. बटाट्याची वखार, बांबूचं कुंपण, आणि पलीकडे चिखलात चोच खुपसून कंद उकरणारी क्रौंचाची जोडी, मध्ये पिल्लू.

खोऱ्यात पुष्कळ घरांत पाहुण्यांची सोय आहे. मी ज्या घरी राहिले तिथे मधल्या खोलीत बुखारीभोवती सगळे बसलो होतो, एमा दात्शी (मिरच्या आणि चीजची भाजी) आणि लाल भात. आजीबाईंना माझी भाषा येत नव्हती, पण मिरच्या खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तशी त्यांनी ताक पुढे केलं. त्या घरात माझे पैसे थेट पडले. आणि गर्दी असती तर पक्षी राहिले नसते, हे मला तिथे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जमलेला पैसा शाळा आणि दवाखान्यांसाठी वापरायचा, असं तिथलं सरकार सांगतं. दहावीपर्यंतचं शिक्षण आणि प्राथमिक आरोग्यसेवा मोफत देणं हे त्यांच्या संविधानातच आहे.

मृण्मयी

भूतानवर आपल्याकडे जे काही लिहिलं जातं त्यात एक गोष्ट कायम गाळली जाते, ती इथे मांडते. विषयांतर वाटलं तरी वाचा.

वारसा जपणं म्हणजे कोणाचा वारसा? दक्षिण भूतानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या नेपाळी बोलणारे, बहुतांशी हिंदू असलेले ल्होत्शाम्पा राहत होते. 1985 चा नागरिकत्व कायदा आला, 1988 च्या जनगणनेत 1958 सालची करपावती मागितली गेली. ज्यांच्याकडे ती नव्हती ते परके ठरले. 1989 मध्ये घो आणि किरा हा पोशाख सगळ्यांवर सक्तीचा झाला, शाळेतून नेपाळी भाषा गेली. निदर्शनं झाली, धरपकड झाली, आणि एक लाखाहून जास्त माणसं पूर्व नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत जाऊन पडली. पुढे 2007 पासून त्यांतल्या एक लाख तेरा हजारांहून जास्त लोकांना अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांनी सामावून घेतलं. परत भूतानमध्ये कोणीही घेतलं गेलं नाही.

'किती माणसं आत घ्यायची हे ठरवण्याचा हक्क', हे देवदार यांचं वाक्य मला या पार्श्वभूमीवर खटकतं. पर्यटकांपुरतं ते ठीक असेल. पण झोंग, मुखवट्यांचे नाच, तिरंदाजी बघून भारावताना त्या चित्रातून कोण पुसलं गेलंय हे माहीत असायला हवं.

देवदार

मृण्मयी, तुम्ही लिहिलंत ते विषयांतर अजिबात नाही. तो अन्याय होता. 'सकल राष्ट्रीय आनंद' हे ध्येय सांगणाऱ्या राज्याने त्याचं उत्तर आजवर दिलेलं नाही. पण पर्यटक वाढवल्याने किंवा शुल्क काढल्याने त्या माणसांना न्याय मिळणार नाही, म्हणून मी दोन्ही प्रश्न वेगळे ठेवतो.

कोकणकडा, नियम करा म्हणता, ते आहेतच. पारोजवळच्या ताक्तसांग मठात फाटकावर बॅग आणि फोन ठेवूनच आत सोडतात. 1692 चा तो मठ 1998 मध्ये आगीत जळाला, 2005 पर्यंत पुन्हा उभा केला. उभ्या कड्यावरची जागा, वाट पायऱ्यांची आणि अरुंद. गाभाऱ्यात एका वेळी किती माणसं मावतील? तिथे दिवसाला हजारो माणसं आली तर फाटकावरचा पहारेकरी काय करेल? कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात शुल्क आणि रोजची मर्यादा घातली तेव्हाही हीच कुरकुर झाली होती. त्याआधी लोक गाड्या पठारावर नेऊन फुलांत बसत होते.

आणि गांगखर पुएनसुम. जगातल्या न चढलेल्या शिखरांतलं सर्वांत उंच. 1994 पासून तिथे सहा हजार मीटरच्या वर चढाईला बंदी आहे, 2003 पासून गिर्यारोहणच बंद. गावकऱ्यांच्या दृष्टीने तिथे देवतांचा वास आहे. आज नेपाळ एव्हरेस्टच्या परवान्याचे 15,000 डॉलर घेतो, भूतानलाही असा पैसा मिळाला असता. जो देश तो पैसा सोडून देतो, त्याला 1200 रुपयांसाठी लोभी म्हणणं मला पटत नाही.

कोकणकडा

लोभी मी म्हटलेलं नाही. माझा आक्षेप सरसकट दराला आहे. कासच्या तिकिटासाठी कोणी सहल रद्द करत नाही, 28,800 साठी करतात. मर्यादाच घालायची तर संख्येवर घाला: ताक्तसांगला दिवसाला अमुक माणसं, आधी नाव नोंदवा, पहिला येईल त्याला जागा. त्यात मास्तर आणि कारखानदार एका रांगेत येतात. पैशाची चाळणी लावली की डोंगर बघणं ही श्रीमंतांची मिरास होते, आणि याची सवय एकदा लागली की उद्या आपल्या गडांवरही तेच होईल.

तिस्ता

मी सिलिगुडीला राहते, त्यामुळे हे सगळं जवळून बघते. कोकणकडांच्या संख्येच्या मुद्द्याला माझा पाठिंबा, पण त्यात एक भर.

इकडून बघितलं तर भूतान म्हणजे सीमेवरच्या, आपल्या बाजूच्या जयगावचं फाटक आणि पुढे पारो-थिंफू. सगळी गर्दी त्याच वाटेने जाते. मार्च 2020 ते सप्टेंबर 2022 फाटक बंद होतं तेव्हा जयगावच्या दुकानदारांचे आणि टॅक्सीवाल्यांचे काय हाल झाले ते इथल्या कोणालाही विचारा. त्यांचं पोट पर्यटकांवर आणि पलीकडून खरेदीला येणाऱ्या भूतानी गिऱ्हाइकांवर होतं.

दुसरीकडे पूर्व भूतान बघा. आसाममधून सामद्रुप जोंगखरच्या फाटकातून आत शिरलं की त्राशिगांग, आणि पुढे मेराक-साकतेंगची खोरी. तिथले ब्रोक्पा लोक याक पाळतात, याकच्या केसांची पाच शेपटांची टोपी घालतात, म्हणजे पावसाचं पाणी शेपटांवरून खाली गळतं आणि चेहरा कोरडा राहतो. तिकडे पर्यटक अगदी तुरळक. रस्ता लांबचा, दिवस जास्त लागतात, म्हणजे रात्री जास्त, म्हणजे शुल्कही जास्त. रात्रीच्या हिशेबाने पैसे घेतले की माणूस चार रात्रींत पारो उरकून परततो. गर्दी जिथे नको तिथेच ती साठते.

देवदार, तुम्ही सुरुवातीला तीन खोऱ्यांचा उल्लेख केलात, अडचण तिथेच आहे. पारो-थिंफूला शुल्क ठेवा, हवं तर वाढवा, ताक्तसांगला कोकणकडा म्हणतात तशी रोजची संख्या ठरवा. त्राशिगांगच्या बाजूला ते अर्धं करा, नाहीतर पाचव्या रात्रीनंतर माफ करा. मेराकच्या गुराख्याच्या घरी चार पाहुणे जास्त आले तर तिथला कुठलाही डोंगर खचणार नाही.