तासिका तत्त्व म्हणजे पारख नव्हे

मूळ मांडणी : विद्यापीठांतील रिक्त जागांवरून ओरड करण्यापेक्षा नव्या शिक्षकाला काही वर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांप्रमाणे मानधन देऊन तात्पुरत्या नेमणुकीवर, पारखून मगच कायम करावे. भरती लांबली तरी वर्ग चालतातच.

तासिका शिक्षिका : हे वाचून गप्प राहवले नाही. पारख करायची तर तिचा शेवट कधीतरी निवडीत व्हायला हवा; आमची नेमणूक मात्र वर्ष संपताच संपते आणि पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत सुरू होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे कंत्राटी नेमणुका अगदीच आवश्यक असतील तेव्हाच कराव्यात आणि त्या एकूण शिक्षकपदांच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नयेत. त्याच विनियमांनुसार पूर्वीची कंत्राटी सेवा पदोन्नतीसाठी धरायची, तर त्या काळातील वेतन नियमित शिक्षकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावे लागते. सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतनच ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. सुट्टी लागली की थांबणाऱ्या मानधनातून तिथवर कोण पोहोचणार? आधी कमी द्यायचे आणि कमी दिले म्हणून ती वर्षेच पुसायची! माझे एक सहकारी नियमित झाले, तेव्हा पदोन्नतीच्या हिशेबातून त्यांची आधीची सगळी सेवा गळाली.

परीक्षा विभागातील लिपिक : प्राध्यापकांच्या जागांवर सगळे बोलतात, शिक्षकेतर पदांचे नाव कोणी काढत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निकाल ३० दिवसांत, उशिरात उशिरा ४५ दिवसांत लागला पाहिजे. आमच्या विभागात शेजारची टेबले रिकामी आहेत, त्यांचे काम माझ्याकडे आहे आणि निकाल लांबला की विद्यार्थ्यांचे बोलणेही मीच ऐकतो. आकृतिबंध (पदांचा आराखडा) मंजूर नाही, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंद) तपासून आलेली नाही, अशी उत्तरे ऐकत आमचे अनेक जण निवृत्त झाले.

मूळ मांडणी करणारे : विषय शिक्षकांचा होता, त्यात परीक्षा विभाग आणण्याचे कारण नव्हते.

लिपिक : कारण आहे. शिक्षकभरतीची छाननी, कागदपत्रांची पडताळणी आणि बिंदुनामावलीच्या नोंदी आस्थापना विभागातील आमचेच लोक करतात. तिथे माणसे नसतील तर तुमची जाहिरात कोण काढणार? वर्ग चालतातच, असे लिहिताना ते कोणाच्या जिवावर चालतात, याचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही.

मूळ मांडणी करणारे : सेवा न धरण्याची अट अन्यायकारक आहे, एवढे मान्य करतो. तरीही कायम नोकरीत शिकवणे सोडून दिलेले शिक्षक मी विद्यार्थी असताना सोसले आहेत, आणि ते विसरायला मी तयार नाही.

तासिका शिक्षिका : त्यांच्यावर कारवाई करा, त्यासाठी मूल्यमापन आहे आणि नियमित नेमणुकीत परिवीक्षेचा काळही आहे. पारख तिथे पूर्ण वेतन देऊन होते. आमच्याकडून मात्र तेच काम तुटपुंज्या मानधनात करून घेतले जाते. त्यांच्या आळसाची शिक्षा आम्हाला का?