पिकअपला टायर कुठले घालू? धायरीतल्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सी ४०२ : मंडळी, एक सल्ला हवाय. पिकअपचे चारही टायर संपलेत, मागचे तर पार गोटा झालेत. काल नाना पेठेत भाव काढून आलो. एक अगदी स्वस्तातला, कंपनीचं नाव पहिल्यांदाच ऐकलं. दुसरा एमआरएफ, अपोलो, सिएट यांच्यातला. तिसरा दुकानदार म्हणतो ‘प्रीमियम’, मोठ्या एसयूव्हीला घालतात तो, साइज तीच. स्वस्त आणि प्रीमियममध्ये चार टायरमागे बारा हजारांचा फरक पडतोय. गाडी रोज पहाटे मार्केटयार्डात, अधूनमधून खंबाटकी उतरून वाईपर्यंत. माल दीड टनाच्या आत. बँकेचा हप्ता चालू आहे, म्हणून विचारतोय.

ए १०१ : स्वस्त घे आणि मोकळा हो. मालाच्या गाडीचे टायर घासायचे ते घासतातच. वाचलेल्या पैशात दोन हप्ते निघतील.

बी २०३ : काका, मला नाही पटत. माझा भाऊ सासवडहून सीताफळं घेऊन दिवे घाट उतरतो. त्याच्याकडे एकदा स्वस्तातले टायर होते. उन्हाळाभर तक्रार नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर आली आणि ब्रेक दाबल्यावर गाडी नुसती पुढे जात राहायची. देवाच्या कृपेने पुढे कुणी नव्हतं. त्यानंतर आईनेच ते टायर बदलायला लावले.

सी ४०२ : पण ताई, दुकानदार म्हणतो की स्वस्तवाला उलट जास्त किलोमीटर चालतो.

डी ६०३ : तो खोटं बोलत नसेल. रबर कडक ठेवलं की टायर कमी झिजतो, पण ओल्या रस्त्याला कमी धरतो. कडक असून ओल्यातही धरणारं रबर करता येतं, त्याला चांगलं मटेरियल लागतं आणि त्याचेच पैसे असतात. माझी नोकरी एसटीच्या दापोडी वर्कशॉपात गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या प्रीमियमवाल्याबद्दल, कारण मला स्वस्तापेक्षा त्याची जास्त काळजी वाटते. साइज तीच म्हणजे टायर तोच, असं नसतं. टायरच्या बाजूला साइजच्या पुढे एक आकडा असतो, तो लोड इंडेक्स. १०० लिहिलं असेल तर तो एक टायर ८०० किलो पेलतो. ११० असेल तर १०६० किलो. आता हिशोब कर. मागे दोन चाकं. १०० वाले घातले तर मागच्या ॲक्सलला मिळाले १६०० किलो. तुझा माल दीड टन, त्यातला बहुतेक भार मागेच येतो, वर गाडीचं स्वतःचं वजन. म्हणजे शिल्लक काहीच राहत नाही. मग मे महिन्यात डांबर तापलेलं असताना, हवा थोडी कमी असताना टायरची बाजू आतून तापते आणि फुटते. तिथे एसयूव्हीचा भारी टायरही उपयोगाचा नाही. तुला ‘एलटी’ (म्हणजे लाइट ट्रकचा) लिहिलेला, कंपनीने गाडीसोबत दिला होता तेवढ्या किंवा त्याहून जास्त लोड इंडेक्सचाच टायर हवा. जुन्या टायरवरचा आकडा फोटो काढून सोबत ने.

आता स्वस्तवाला. तू परत येताना नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरतोस. तो उतार आणि तिथले अपघात या ग्रुपवर कुणाला सांगायला नकोत. वेग ४० चा ६० झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला सव्वादोन पट जागा लागते, दीडपट नाही. त्यात रस्ता ओला आणि रबर कडक. पैसे तिथे वाचवायचे नसतात. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकत असशील तर ते आजपासून बंद कर, हे हात जोडून सांगतो.

माझं मत : मधला घे. नावाजलेल्या कंपनीचा, एलटी, आयएसआय मार्क असलेला.

ए १०१ : साहेब, पैसे कमी असतील तर दोनच नवे घेऊ दे. पुढे नवे, मागे जुने.

डी ६०३ : दोन घ्यायचे तर नवे मागे. सगळे पुढे घालतात, स्टिअरिंग हलकं लागतं म्हणून. पण पुढचं चाक घसरलं तर ड्रायव्हरला हातात कळतं, ॲक्सिलरेटर सोडला की गाडी सावरते. मागचं घसरलं तर गाडी फिरते आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. माल उतरवून रिकामी येणारी पिकअप तर मागून एकदम हलकी, पावसात वळणावर शेपूट टाकते. फक्त एका ॲक्सलवर दोन वेगळ्या कंपन्यांचे टायर नकोत. पण याचे चारही संपलेत, तेव्हा प्रश्नच नाही.

बी २०३ : रिमोल्ड?

डी ६०३ : एसटीत आम्ही टायरवर नवं रबर चढवायचो, ते काम चोख झालं तर वाईट नाही. पण आतला टायर कुणी तपासलाय हे माहीत असायला हवं. पुढच्या चाकाला तर नकोच.

ई ५०१ : एक राहिलं. तारीख बघ. बाजूला चार आकडे असतात, ३५२२ म्हणजे २०२२ सालचा ३५वा आठवडा. ‘स्कीम’मधला टायर बऱ्याचदा गोडाऊनमध्ये पडून राहिलेला असतो. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा भाव नव्या दराने मागून पक्कं बिल घे. बिलाशिवाय वॉरंटी कुणी देत नाही.

सी ४०२ : खरं सांगतो काका, लोड इंडेक्सचं कुणीच बोललं नव्हतं. आत्ता खाली जाऊन टॉर्च मारून बघितलं, माझ्या जुन्यावर एलटी आहे. खाचांमधले ते छोटे उंचवटे नक्षीच्या बरोबरीला आलेत, मागच्या दोन्हींवर.

डी ६०३ : म्हणजे नक्षी १.६ मिलिमीटरवर आली. ती शेवटची खूण. नवे बसेपर्यंत माल भरून घाटात जाऊ नकोस.

सी ४०२ : उद्याचं वाईचं भाडं दुसऱ्याला दिलं. दुपारी नाना पेठेत जातो, चारही मधलेच घेतो. अलाइनमेंट तिथेच करू का?

डी ६०३ : हो, आणि टायर बसवताना व्हॉल्व्हही नवे टाकायला सांग. हवा दुकानदाराच्या अंदाजाने नको, मालाची आणि रिकाम्याची वेगळी असते. ती दारावरच्या स्टिकरवर लिहिलेली आहे, नाहीतर गाडीच्या पुस्तकात. निघण्याआधी मला हाक मार, मी येतो सोबत.