इयर सेव्हनसाठी फक्त मुलींची इंडिपेन्डन्ट शाळा (इंग्लंड) – बघायचं तरी काय?

निळीशाई
नमस्कार मंडळी, लेक आत्ता इयर फाइव्हमधे (नऊ-दहा वर्षांची) आहे त्यामुळे सेकंडरीचं, म्हणजे इयर सेव्हनपासूनचं, ठरवायची वेळ आलीच. सध्या मिक्स प्रायमरीत आहे, घरी तोंडाचा पट्टा चालू आणि वर्गात मात्र चिडीचूप, बाई म्हणाल्या उत्तर येत असतं पण हात वर करत नाही. म्हणून मुलींच्या इंडिपेन्डन्ट, म्हणजे फी भरायच्या खाजगी, शाळेचा विचार चाललाय. नवऱ्याचं म्हणणं, पुढे जगात मुलगे असणारच आहेत मग सात वर्षं बरणीत कशाला ठेवायची. दोन ओपन डे करून आलो, दोन्हीकडे थिएटर, स्विमिंग पूल, हेडबाईंचं भाषण, घरी आल्यावर कुठली कोणती तेही आठवेना 😅 ज्यांच्या मुली अशा शाळेत आहेत त्यांनी सांगा प्लीज.

दोनलेकींचीआई
मोठी ए-लेव्हलला (शाळेची शेवटची दोन वर्षं), धाकटी इयर नाइनला, दोघी एकाच शाळेत. पहिलं सांगते, ओपन डेवर जाऊ नकोस, त्या दिवशी सगळ्याच शाळा नटलेल्या असतात. बऱ्याच शाळा साध्या कामाच्या दिवशी सकाळी पालकांना फिरवतात, ते बुक कर. आम्ही गेलो तेव्हा इयर एटचा फिजिक्सचा तास चालू होता, चौघींच्या सर्किटमधला दिवा पेटत नव्हता. बाई शेजारी उभ्या, पण हात लावला नाही. मुलींची चांगली वादावादी झाली, एकीने तार बदलली, दुसरीने सेल उलटा करून पाहिला, आणि कोपऱ्यातली एक बारीक आवाजात म्हणाली की बल्बच गेलाय. गेलाच होता! ती कोपऱ्यातली बघून मी ठरवलं, आपली तिथे जाऊ दे.

तुमच्या बरणीवाल्यांना सांग, इथे नाटक नाहीतर ऑर्केस्ट्रा शेजारच्या मुलांच्या शाळेबरोबर असतो, काही ठिकाणी सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे त्या ए-लेव्हलच्या दोन वर्षांना, मुलगेही घेतात. विचारून घ्या.

उगाचच
मी जरा विरोधी पक्षात 🙂 मुलींच्या शाळांचे निकाल भारी असतात हे खरं, पण मुळात परीक्षा घेऊन निवडलेल्या, फी परवडणाऱ्या घरातल्या मुली, निकाल भारी लागणारच ना, त्यात फक्त मुली असण्याचा वाटा किती ते कोण सांगणार. निकालाच्या तक्त्यापेक्षा एकच प्रश्न विचारा: सिक्स्थ फॉर्ममधे किती जणी फिजिक्स आणि फर्दर मॅथ्स (गणितावरचं जादा, अवघड गणित) घेतात? देशभरात ए-लेव्हल फिजिक्सला बसणाऱ्यांत मुली पाव हिस्साही नसतात. मुलींच्या शाळेत त्या वर्गातली प्रत्येक खुर्ची मुलीचीच, मग वर्ग भरलेला आहे की सहाजणींचा यावरून शाळा कळते. आकडा द्यायला कां कू केली तर समजून जा.

पावसाळीढग
@उगाचच अगदी. आणि 'मुलींची शाळा म्हणजे जुनाट' म्हणणाऱ्यांना जरा इतिहास सांगावासा वाटतो. फ्रान्सिस मेरी बस यांनी नॉर्थ लंडन कॉलेजिएट ही मुलींची शाळा १८५० ला काढली. १८६३ मधे केंब्रिज विद्यापीठाच्या शाळकरी मुलांसाठीच्या 'लोकल' परीक्षेला मुलींना प्रयोग म्हणून बसू दिलं तेव्हा बऱ्याच जणी अंकगणितातच आपटल्या, कारण नीट शिकवलंच नव्हतं कुणी. म्हणजे या शाळा निघाल्याच मुळात गणितं करायला, शिवणटिपणाला नाही. असो, गाडी भरकटली.

कामाचं: नोंदणी बऱ्याच ठिकाणी इयर सिक्सच्या नोव्हेंबरच्या आसपास बंद होते, प्रवेश परीक्षा हिवाळ्यात, इंटरव्ह्यू असतो. फी बघताना १ जानेवारी २०२५ पासून २० टक्के व्हॅट लागतो तो धरूनच हिशेब करा, वर कोच (शाळेची बस), जेवण, ट्रिपा, वाद्याचे वैयक्तिक तास फीत आहेत का वेगळे ते विचारा. बर्सरी (फीतली सवलत) उत्पन्न बघून मिळते, स्कॉलरशिप वेगळी, तिने फी फारशी कमी होतेच असं नाही. लाजू नका, फोन करा.

निळीशाई
व्हॅटचं माहीत होतं, नोव्हेंबरचं नव्हतं 😳 मैत्रिणींच्या भानगडी जास्त असतात का हो अशा शाळांत? आणि आयएसआयचा (खाजगी शाळा तपासणारी संस्था) रिपोर्ट कसा वाचायचा?

दोनलेकींचीआई
भानगडी असतात गं, खोटं कशाला बोलू. धाकटीला इयर एटमधे ग्रुपमधून काढलं, म्हणजे खरंच व्हॉट्सअ‍ॅपवरून काढलं, आणि लंचला कोणी शेजारी बसेना, तीन आठवडे रोज पोटात दुखायचं हिच्या. शाळेने आधी 'मुलींचं होतं असं' म्हणून झटकलं, मी दुसऱ्यांदा मेल केली तेव्हा कुठे फॉर्म ट्यूटरने बसायच्या जागा बदलल्या. नंतर नेटबॉलमधे वेगळ्या मैत्रिणी मिळाल्या. तेव्हा तिथे गेलीस की विचार, असं झालं तर पहिला फोन कोण करतं आणि किती दिवसांत. गोल गोल उत्तर आलं तर पुढची शाळा बघ.

उगाचच
आयएसआयचे रिपोर्ट त्यांच्या साइटवर फुकट आहेत. जुन्यात 'एक्सलंट' वगैरे शेरे दिसतील, सप्टेंबर २०२३ पासून ते बंद, आता निकष पूर्ण होतात की नाही एवढं म्हणतात. त्यामुळे शाळेच्या गेटवर 'एक्सलंट'चा बॅनर दिसला तर तो कधीचा ते बघा 😄

निळीशाई
सगळ्यांना थँक्यू! कामाच्या दिवसाची सकाळ बुक केली, दोन्ही शाळांत. लेकीला विचारलं तर तिला थिएटर नाही की पूल नाही, फक्त लायब्ररीत जमिनीवर पसरून वाचणारी एक मोठी मुलगी लक्षात राहिलीय. नवराही येतोय, फिजिक्सचा आकडा तोच विचारणार म्हणे.