बॉडी मागे वाढवली, आता सायलेन्सरचं तोंड कुठे काढायचं?

कॅम्पर_४२०:
डिझेल पिकअपवर झोपायची सोय असलेली बंद बॉडी चढवली आहे. फरशी प्लायवूडची, खाली फोम. बॉडी मूळ मागच्या टोकापेक्षा 420 मिमी बाहेर येते, त्यामुळे टेलपाइप आता फरशीच्या पोटातच संपतो. तीन पर्याय दिसतात: आहे तसाच ठेवायचा, मागे वाढवायचा, किंवा मागच्या चाकाच्या पुढून बाजूला काढायचा. गाडीला डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे. नियम काय म्हणतात आणि प्रत्यक्ष बसवताना काय सांभाळायचं?

पाना_बारा:
पहिला पर्याय आत्ताच खोडा. धावत्या चौकोनी गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर पुन्हा गाडीकडेच ओढला जातो. मागच्या दाराचं रबर जरा सैल असेल, फरशीच्या जोडाला फट असेल, की तो आत. छताचा व्हेंट उघडा असेल तर ओढ आणखी वाढते. आणि आत माणूस झोपलेला.

गाडी कुठे नोंदली आहे ते लिहिलेलं नाही, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणचे नियम सांगतो. रोख सगळीकडे एकच आहे.

ऑस्ट्रेलियाचा एडीआर 42 (गाडीच्या रचनेचा तिथला नियम) सर्वांत नेमका. फरशीचा जो जोड अखंड वेल्ड केलेला नाही किंवा कायमचा सीलबंद नाही आणि ज्यातून धूर आत येऊ शकतो, अशा सर्वांत बाहेरच्या जोडाच्या पुढे नळी किमान 40 मिमी गेली पाहिजे. पण वरून पाहिल्यावर ती गाडीच्या कडेबाहेर दिसता कामा नये. तुमच्या प्लायवूड फरशीचे जोड यात थेट येतात.

अमेरिकेत व्यावसायिक वाहनांच्या संघीय नियमात (393.83) पेट्रोल बसचं तोंड बसच्या शेवटच्या टोकापासून 6 इंचांपेक्षा जास्त आत नसावं. डिझेल बसला 15 इंच, किंवा मग उघडणाऱ्या सगळ्या दारं-खिडक्यांच्या मागे. फक्त आपत्कालीन वेळीच उघडायच्या खिडक्या यातून वगळल्या आहेत. तुमची गाडी बस नाही, पण झोपायची खोली असलेल्या गाडीला हाच हिशेब लावावा असं माझं मत. त्याच नियमात एक्झॉस्टला पट्टी गुंडाळून किंवा ठिगळ लावून केलेली तात्पुरती दुरुस्ती चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

कॅलिफोर्नियात बाजूने धूर काढायला सरसकट मनाई नाही. जमिनीपासून 2 ते 11 फूट या उंचीत तो बाजूला फेकायचा नाही, एवढंच (कलम 27152). म्हणजे फुटपाथवरच्या माणसाच्या आणि शेजारच्या गाडीच्या खिडकीच्या उंचीला नको.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 112: मोटरसायकल सोडून बाकी वाहनांचा धूर खाली नको आणि डावीकडे नको. डावीकडे का नको, तर गाडी डाव्या बाजूने चालते आणि फुटपाथ, बसथांबा तिकडेच असतो. इथे बरेच जण गफलत करतात. नळी डाव्या अंगाला असणं वेगळं आणि धूर डावीकडे फेकणं वेगळं. नळी डाव्या कोपऱ्यात असून तोंड सरळ मागे असेल तर तो धूर मागे जातो, डावीकडे नाही. नियम 113 प्रमाणे एक्झॉस्टची नळी इंधनाच्या नळीपासून 35 मिमीच्या आत नको.

लेथ_आणि_लाकूड:
वरच्या उत्तरात एक भर, कारण भारतात गाडी इथेच अडकते. तोंड बरोबर जागी काढलं म्हणून बॉडीचा बदल कायदेशीर ठरत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 पाहा. नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासे होतील असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्येही हेच सांगितलं. 182ए(4) खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज किंवा प्रदूषणाची मर्यादा मोडली तर 190(2) वेगळं लागतं. त्यात पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. 420 मिमी मागे गेलात म्हणजे मागचा ओव्हरहँगही (मागच्या चाकाच्या मागे येणारा भाग) मोजा. तो आधी, नळी नंतर.

कॅम्पर_४२०:
बॉडीची मंजुरी वेगळी चालू आहे. प्रश्न नळीचाच. उजव्या बाजूला, मागच्या चाकाच्या पुढे काढली तर लांबी वाचते आणि धूर डावीकडेही जात नाही. त्यात अडचण काय?

पाना_बारा:
कागदावर जमतं, गाडीवर जमत नाही. तोंडाच्या वर बॉडीची सरकती खिडकी आहे का? असेल तर गाडी उभी असताना गरम धूर बॉडीच्या बाजूने चढून थेट त्या खिडकीत जातो. दुसरं, चाकाच्या पुढे म्हणजे टायर आणि ब्रेकचा होज शेजारी. डीपीएफ स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा फिल्टर 600 अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. नळी आखूड केली की तेवढी गार व्हायची जागा कमी होते आणि तोंडातून नेहमीपेक्षा बराच गरम वायू बाहेर पडतो. सुक्या गवतावर गाडी लावलीत तर आग लागू शकते. इंधन भरायचं तोंड त्याच बाजूला असेल तर विषयच संपला.

मागेच न्या. हे करताना:

कापायचं ते मफलरच्या (सायलेन्सरच्या डब्याच्या) मागे. डीपीएफ, त्याच्या दाब मोजणाऱ्या नळ्या आणि तापमानाचे सेन्सर यांना हात लावायचा नाही. नळी मूळ व्यासाचीच घ्या. अर्धा मीटर सरळ नळी वाढल्याने मागचा दाब (बाहेर पडणाऱ्या धुराला होणारा अडथळा) फारसा वाढत नाही, पण प्रेसवर चेपून वाकवलेला एक बेंड वाढवतो. वाक हवाच असेल तर मॅन्ड्रेल बेंड, म्हणजे आतून आधार देऊन न चेपता वाकवलेला.

जोडाला 40–50 मिमी ओव्हरलॅप. इंजिनाकडची नळी आत, मागची बाहेर; उलट केलं तर धूर थेट फटीच्या तोंडावर आदळतो. यू-क्लॅम्पने नळी चेपते आणि पुन्हा सुटत नाही, पट्टा क्लॅम्प वापरा. वाढवलेल्या तुकड्याला स्वतःचा रबर हँगर हवाच. नाहीतर सगळं वजन जुन्या हँगरवर येतं आणि मफलरच्या वेल्डला चीर जाते. तो हँगर चासीला बांधा, बॉडीला नाही, कारण चासी आणि बॉडी वेगवेगळ्या हलतात.

प्लायवूडखाली नळी जाते तिथे ॲल्युमिनियमची शील्ड लावा, शील्ड आणि फरशीत 10–15 मिमी हवा. शील्ड फरशीला चिकटवून लावणं म्हणजे तवा लावणं.

वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि अर्थ क्लॅम्प वेल्डच्या शेजारी त्याच नळीवर लावा. लांब चासीवर लावलात तर करंट सेन्सरच्या वायरिंगमधून वाट काढतो.

डेसिबल_दादा:
तोंडाजवळचा शेवटचा भाग शक्यतो सरळ ठेवा. पीयूसीचा प्रोब नळीत साधारण 300 मिमी आत जावा लागतो. शेवटी वाकडा शोभेचा तुकडा लावला की प्रोब अडतो किंवा अर्धाच जातो, मग बाहेरची हवा मिसळून रीडिंग चुकतं. जोड गळत असला तरी तेच. नळीतला दाब एकसारखा नसतो, ठोक्याठोक्याने येतो. मधल्या क्षणी गळती हवा आत ओढते.

आवाजाची उभ्या गाडीची चाचणी (आयएसओ 5130) तोंडाभोवतीच होते. माइक तोंडापासून 0.5 मीटरवर, धुराच्या दिशेशी 45 अंशात, तोंडाच्या उंचीला, पण जमिनीपासून 0.2 मीटरपेक्षा खाली नाही. तोंड हललं की माइकही हलतो, त्यामुळे जुना आकडा नव्या जागेला लावू नका. कडा बाहेर डोकावत असेल तर घासून गोल करा. युरोपच्या नियमात बाहेर येणाऱ्या भागाला किमान 2.5 मिमी गोलाई लागते.

लेथ_आणि_लाकूड:
शेवटची चाचणी चुकवू नका. थंड इंजिन सुरू करून जाड हातमोज्यात धरलेल्या फडक्याने तोंड क्षणभर दाबा. जोडाशी फुसफुस ऐकू आली की गळती. मग दारं बंद, छताचा व्हेंट उघडा, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मीटर झोपायच्या उशीजवळ ठेवून दहा मिनिटं आयडल, नंतर एक फेरी. एक सावधगिरी: नव्या डिझेलमध्ये सीओ मुळात फार कमी असतो, त्यामुळे मीटर शून्य दाखवतो म्हणून धूर आत येत नाही असं नाही. वास येतो का ते दुसऱ्या माणसाला विचारा. गाडीत बसलेल्याचं नाक काही मिनिटांत सरावतं.

आणि झोपायच्या डब्यात डिझेलचा पार्किंग हीटर बसवणार असाल तर त्याची धुराची नळीही याच हिशेबात धरा. तिचं तोंड आणि हीटरची हवा घ्यायची नळी शेजारीशेजारी ठेवलीत तर तो स्वतःचाच धूर गिळतो.