पॅकेट विमान आणि अमेरिकेची ४०३ रिझर्व्ह विंग, कुणाला माहिती आहे का?

अपशिंगेकर: नमस्कार मंडळी, मी अपशिंगे मिलिटरीचा, जि. सातारा. आजोबा २ पॅरात होते, म्हणजे विमानातनं पॅराशूटनं उडी मारणारी पलटण, जुनी ३ मराठा, १९७१ च्या युद्धात ११ डिसेंबरला टांगाईलला (आत्ताच्या बांगलादेशात) उडी मारली त्यातले. त्यांच्या अल्बममध्ये आग्र्याचा एक फोटो आहे, पाठीवर पॅराशूट आणि मागं दोन शेपट्यांचं जाडजूड विमान, फोटोच्या पाठीमागं पेनानं नुसतं "पॅकेट" लिहिलंय. शोधता शोधता कळलं की पॅकेट म्हणजे सी-११९, आणि हेच विमान अमेरिकेच्या हवाई दलाची ४०३ नावाची रिझर्व्ह विंग (तुकडी) पण उडवायची. रिझर्व्ह म्हणजे रिटायर लोक का? आणि ते खरंच कधी युद्धावर गेले का, का नुसतं ट्रेनिंगच?

मिरजेचा_मास्तर: रिटायर नाही रे बाळा. एरवी आपापली नोकरी, दुकान, शेती आणि महिन्यातनं एक शनिवार-रविवार, वर्षातनं पंधरा दिवस ड्युटी, पण बोलावणं आलं की सगळं टाकून निघायचं. ४०३ उभी राहिली १९४९ ला पोर्टलंडमध्ये, कोरियाचं युद्ध पेटलं तसं १ एप्रिल १९५१ ला त्यांना कामावर घेतलं आणि १९५२ ला सगळी विंग जपानला, तिथनं कोरियात माणसं आणि माल पोचवायचे. १९५३ च्या १ जानेवारीला परत रिझर्व्हमध्ये. क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवरनं युद्ध पेटायची वेळ आली तेव्हा, २८ ऑक्टोबर १९६२ ला माल-सैनिक वाहून नेणाऱ्या आठ रिझर्व्ह विंग बोलावल्या त्यात पण ही होती, महिनाभरानं सोडलं. मला तर या लोकांचं फार कौतुक वाटतं, परवापर्यंत घरी असलेला माणूस आज कॉकपिटमध्ये.

कृष्णाकाठ: आणि ही विंग अजून आहे बरं का! मिसिसिपीतल्या कीसलर तळावर, हिच्यातली ५३ नंबरची स्क्वाड्रन सी-१३० घेऊन थेट चक्रीवादळाच्या डोळ्यात शिरते, वाऱ्याचा वेग आणि दाब मोजायला, त्यावरनं किनाऱ्यावरच्या लोकांना इशारा देतात.
पॅकेटचं म्हणशील तर आपल्या लोकांनी त्याच्याकडनं जे काम करून घेतलं ते पण वाच. २३ जुलै १९६२ ला स्क्वाड्रन लीडर राजे यांनी पॅकेट लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला उतरवलं, १६ हजार फुटांच्या वर! तिथं हवा एवढी विरळ की दोन पंख्यांची इंजिनं पुरायची नाहीत, म्हणून विमानाच्या पाठीवर जादाचं जेट इंजिन बसवलेलं.

अपशिंगेकर: मास्तर, काका, खूप आभार. आत्ता भिंग लावून बघितलं, फोटोतल्या विमानाच्या पाठीवर पण एक नळकांडं दिसतंय, आधी वाटलं डाग आहे. आजोबा झोपलेत, उठले की विचारतो आणि इथंच लिहितो.