आमच्या संकासुराचा आवाज सगळीकडे फिरतो आहे. हे कौतुक समजावे की टिंगल?

निवृत्तगुरुजी_कुडाळ

सदस्यांस नमस्कार. माझा पुतण्या एका दशावतारी मंडळात आहे आणि आडदशावतारात, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागात, तो संकासूर हा असुर करतो. वेद चोरल्याबद्दल ब्रह्मदेव जाब विचारतो, त्या प्रसंगात मागच्या एका जत्रेत त्याने आयत्या वेळी सुचलेले उत्तर दिले, "माका काय इचारतस? मी हय होतंयच खय!" (मला काय विचारतोस? मी इथे होतोच कुठे!) प्रेक्षकांपैकी कोणीतरी तेवढाच तुकडा मोबाइलवर टिपून इन्स्टाग्रामवर टाकला. आता तोच आवाज उशी फाडून बसलेल्या कुत्र्याच्या चित्रफितीवर, कार्यालयातील हरवलेल्या फाइलवर आणि परीक्षेत नापास झालेल्या मुलांच्या तोंडी ऐकू येतो. त्यांपैकी बहुतेकांना संकासूर कोण हे ठाऊक नाही, आणि काही जण तर मालवणी हेल मुद्दाम वेडावून दाखवतात. आमच्या घरात यावरून दोन तट पडले आहेत. पुतण्या खूश आहे, तर त्याचे वडील, ज्यांनी पायपेटीवर (पायाने भाता चालवायच्या हार्मोनियमवर) उभा जन्म काढला, ते म्हणतात की ही कलेची विटंबना आहे.

मला खरोखर समजून घ्यायचे आहे ते असे, की अनोळखी माणसे एकच वाक्य इतक्या वेळा का वापरतात, आणि त्याच रात्रीचा संपूर्ण प्रयोग यूट्यूबवर असूनही तो मोजकीच माणसे का पाहतात?

चाकरमानी_लालबाग

गुरुजी, या प्रकाराला मुले 'मीम' म्हणतात. हा शब्द इंटरनेटच्या प्रसारापूर्वीचा आहे. रिचर्ड डॉकिन्स या जीवशास्त्रज्ञाने १९७६ साली 'अनुकरण' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घडवला, आणि एका मेंदूतून दुसऱ्या मेंदूत नकलेने जाणारी कोणतीही कल्पना, चाल किंवा लकब असा त्याचा मूळ अर्थ होता. मात्र आपल्याला हे समजण्यासाठी डॉकिन्सपर्यंत जाण्याची गरज नाही, कारण देवापुढे घालतात ते आपले कोकणी गाऱ्हाणे याच जातीचे आहे. देवाला हाक मारून सुरुवात, मध्ये त्या त्या घराची अडचण आणि प्रत्येक मागणीनंतर जमावाचे "व्हय म्हाराजा" हा साचा पक्का असतो, आतला मजकूर मात्र दर वेळी नवा भरला जातो. म्हणूनच नवीन वर्ष जवळ आले की पेट्रोलच्या दरापासून क्रिकेट संघापर्यंत सगळ्याची गाऱ्हाणी व्हॉट्सॲपवर येऊ लागतात आणि ती वाचून कोणी देवाची टिंगल झाली असे मानत नाही.

पुतण्याचे वाक्यही असाच साचा ठरले आहे. त्यात वेदांचा उल्लेख नाही, ब्रह्मदेवाचे नाव नाही. आहे तो केवळ रंगेहाथ सापडलेला आणि तरीही कानावर हात ठेवणारा गुन्हेगार, जो प्रत्येक घरात एक तरी असतोच. त्याच उत्तरात "वेद" हा शब्द आला असता तर कुत्र्याच्या चित्रफितीवर ते बसले नसते आणि तुकडा कदाचित कुडाळ-सावंतवाडीपलीकडे गेलाही नसता. शिवाय एखाद्या रीलमधील आवाजावर बोट ठेवले की तोच आवाज वापरलेल्या इतर सर्व रील एका ठिकाणी दिसतात आणि "हा आवाज वापरा" असे बटण समोर येते. म्हणजे पूर्वी नक्कल करण्यासाठी निदान गळा तरी लागत असे, आता तोही लागत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे रुक्ष आहे. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली, जुलैमध्ये इन्स्टाग्रामने येथे रील्स सुरू केल्या आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणीही भारतातूनच सुरू केली. सुरुवातीच्या रीलची मर्यादा अवघी १५ सेकंदांची होती. या पडद्यावर आपण निवडलेले कमी आणि यंत्रणेने पुढे केलेले जास्त दिसते, आणि काय पुढे करायचे हे ठरवताना लोक किती वेळ पाहत राहिले व इतरांना किती जणांनी पाठवले यांना मोठे वजन असते, असे इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी स्वतः सांगितले आहे. पहाटेपर्यंत रंगणारा खेळ या मापात बसणार तरी कसा? तो न पाहिला जाणे हा खेळाचा दोष नाही.

शिमगा_गुहागर

एक भर घालतो. आमच्याकडे नमन या लोकनाट्यात आणि शिमग्यातही संकासूर असतो, आणि याच रीलखाली तो नमनाचा की दशावताराचा यावर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांची दीडशे प्रतिक्रियांची लढाई झालेली मी वाचली आहे. टिंगल करणारे त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पुतण्याच्या वडिलांना ती लढाई अवश्य वाचून दाखवावी.

देवबाग_न्याहारीघर

लालबागच्या सदस्यांशी मी अर्धीच सहमत आहे. आवाज साच्यात बसतो हे खरे, पण तो बसवताना गाव, तिथी आणि माणूस खरवडून काढले जातात, आणि ही खरवड नेहमीच निरुपद्रवी नसते. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात लाटा अंगणापर्यंत आल्याची एक चित्रफीत पुढे ऐन पर्यटनाच्या हंगामात "आजची परिस्थिती" म्हणून फिरली आणि आमच्या न्याहारीघरात येणार असलेल्या दोन कुटुंबांनी खोल्या रद्द केल्या. तारीख तेवढी गळली होती, बाकी सगळे खरेच होते. व्हॉट्सॲपवर दुहेरी बाणाची खूण असलेला संदेश पाच किंवा अधिक हातांतून आलेला असतो आणि एप्रिल २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. पण ही खूण किती फिरले एवढेच सांगते, कधीचे आणि कुठले ते सांगत नाही. गुरुजींच्या घरात नुकसान पैशांचे नाही, नावाचे आहे. त्या रीलवर "मूळ आवाज" म्हणून नाव कोणाचे दिसते? ज्याने मोबाइल धरला त्याचे.

पडद्यामागे_वेंगुर्ले

या शेवटच्या मुद्द्यावर कायदा बोलतो. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोग करणाऱ्या कलावंताला स्वतंत्र हक्क मिळाले. कलावंत कोण याच्या व्याख्येत नट, गायक, वादक यांच्याबरोबर जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत, त्यामुळे संकासुराने काळजी करू नये. २०१२ च्या दुरुस्तीतील कलम ३८ब नुसार आपल्या प्रयोगाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा, आणि प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार कलावंताला आहे. वाक्य कोठे लिहून ठेवलेले नव्हते, ते रंगमंचावरच सुचले, म्हणून हा अधिकार कमी होत नाही. आपल्या दशावतारात संहिता नसतेच. नटाच्या तोंडून निघेल तेच नाटक.

तरी वकिलाकडे जाण्याआधी एवढे करावे. चित्रफीत टाकणाऱ्याला सौम्य शब्दांत संदेश पाठवून मंडळाचे आणि नटाचे नाव मथळ्यात घालण्याची विनंती करावी. माझ्या अनुभवात बहुतेक जण ऐकतात. मंडळाने स्वतःचे खाते काढून तोच प्रसंग ब्रह्मदेवाच्या प्रश्नापासून विष्णू येईपर्यंत टाकावा आणि आवाजाला मंडळाचे नाव द्यावे. लोकांना तुकडा आवडला आहे, मागचे-पुढचे पाहण्याची उत्सुकता काहींना नक्की असेल. हेल वेडावणाऱ्यांना उत्तर देऊ नये, कारण त्यांच्या रीलखाली रागाने लिहिलेली प्रतिक्रियाही यंत्रणा प्रतिसाद म्हणूनच मोजते.

निवृत्तगुरुजी_कुडाळ

सर्वांचा आभारी आहे. गाऱ्हाण्याचा दाखला भावाला सांगितला, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की त्याच्या वडिलांच्या वेळचा एक संकासूर दर जत्रेत त्या गावच्या खोताची नक्कल करायचा आणि दुसऱ्या दिवशी पोरे ती वाक्ये शाळेत म्हणत फिरायची. विरोध पूर्ण मावळलेला नाही. पायपेटीचा आवाज त्या तुकड्यात मधूनच कापला आहे, ही त्याची खरी तक्रार होती असे आता उघड झाले. चित्रफीत टाकणारा मुलगा पिंगुळीचाच निघाला. त्याने मंडळाचे नाव घातले आहे. संपूर्ण प्रसंग पुढच्या जत्रेत नीट चित्रित करायचा असे ठरले असून पेटीजवळ वेगळा माइक ठेवण्याची अट भावाने घातली आहे.