ट्रकिओस्टॉमी असलेल्या वडिलांचे घरी सक्शन: सलाइन घालावे का, नळी किती आत घालावी? मदत हवी आहे

पक्षाघातानंतर वडिलांची (वय ७१) ट्रकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत ट्यूब बसवण्याची शस्त्रक्रिया, करावी लागली आणि तीन आठवड्यांपूर्वी ८ नंबरच्या ट्यूबसह आम्ही त्यांना घरी आणले. रुग्णालयातून निघताना परिचारिकेने सक्शन (ट्यूबमधला कफ यंत्राने ओढून काढणे) दोनदा करून दाखवले व एकदा माझ्याकडून करून घेतले. तेवढ्या शिदोरीवर रात्री मी आणि आई सांभाळतो, दिवसा ब्यूरोकडून आलेल्या मावशी असतात.

मावशी घरघर असो वा नसो, दर तासाला सक्शन करतात. आधी ट्यूबमध्ये पाच मिली सलाइन सोडतात आणि हिरव्या टोकाचा १४ नंबरचा कॅथेटर (कफ ओढणारी बारीक नळी), ओढ चालू ठेवूनच, अडेपर्यंत आत घालतात. आज दुपारी बाबांचा ऑक्सिजन ९६ वरून ८५ वर आला, ओठ निळे पडले आणि कफात रक्ताची रेघ दिसली. त्यांना बोलता येत नाही. ते फक्त माझे मनगट घट्ट धरून ठेवतात.

मला शिकवले होते ते असे, की आत जाताना कॅथेटरचे अंगठ्याने झाकायचे भोक उघडे ठेवावे, ओढ बाहेर काढतानाच द्यावी आणि सारे दहा-पंधरा सेकंदांत उरकावे. सलाइनचा विषय तेव्हा निघालाच नाही. मावशी मायेने करतात, त्यांना दुखवायचे नाही. पण त्यांना नेमके काय सांगू? डॉक्टरांची भेट सोमवारी आहे.

उत्तर

मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. रक्त दिसले आणि ऑक्सिजन ८५ वर आला, तेव्हा सोमवारची वाट न पाहता आत्ताच डॉक्टरांना फोन करा.

आपल्याला शिकवलेली पद्धत बरोबर आहे. कॅथेटरची जाडी ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून अधिक असू नये, म्हणून ८ नंबरला पांढऱ्या टोकाचा १२ नंबर घ्या. यंत्राचा ओढीचा दाब ८० ते १२० मिलिमीटर पारा (mmHg) यांच्या दरम्यान ठेवा. जवळच्या सुट्या ट्यूबमध्ये कॅथेटर घालून, टोक जेमतेम बाहेर येईल तिथली लांबी मोजा आणि मावशींनाही तीच खूण दाखवा. अडेपर्यंत घातल्याने श्वासनलिकेचे अस्तर सोलते. सक्शन घड्याळ पाहून नव्हे, घरघर ऐकू आली किंवा श्वासाला कष्ट दिसले तर करावे. दर वेळी सलाइन नको: त्याने ऑक्सिजन उतरतो आणि जंतू खाली ढकलले जाऊ शकतात. कफ घट्ट असेल तर ट्यूबवर लावायचा ओलावा टिकवणारा फिल्टर आणि नेब्युलायझर याविषयी डॉक्टरांना विचारा.

कॅथेटर आत जाईनासा झाला तर जोर लावू नका. ट्यूबच्या आत वेगळी काढता येणारी नळी असेल तर ती काढून पाहा, आणि तरीही श्वास अडत असेल तर लगेच १०८ ला फोन करा.